गाणे नेमके कोणाचे?



मराठीतील षष्ठी ही मोठी उदार विभक्ती आहे. ‘कुंभाराचे मडके’ म्हटले म्हणजे ते कुंभाराने घडविलेले असते आणि ‘पाटलाचे मडके’ म्हटले म्हणजे ते पाटलाच्या घरी असते, हे ऐकणाऱ्याला सांगावे लागत नाही. घडविणारा आणि बाळगणारा दोघेही एकाच प्रत्ययात सुखाने नांदतात. गाण्याच्या बाबतीत मात्र मराठी माणसाची षष्ठी जवळजवळ नेहमी बाळगणाऱ्याकडेच झुकते. ‘बालगंधर्वांचे पद’, ‘बाबूजींचे गीतरामायण’, ‘लताबाईंचे भावगीत’ असे तो सहज म्हणून जातो. खाडिलकर, माडगूळकर, तांबे ही नावे पाठोपाठ येतात, आणि पुष्कळदा तीही येत नाहीत. चाल बांधणाऱ्याचे नाव तर अभ्यासूंच्या पलीकडे फारसे कोणी विचारीत नाही.

कायद्याची षष्ठी याच्या नेमकी उलट आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने गीताचा हक्क शब्द लिहिणाऱ्याला आणि चाल रचणाऱ्याला दिला. गाणाऱ्याला ‘कलावंताचा हक्क’ म्हणून काही मिळाले ते १९९४ च्या दुरुस्तीने, आणि मानधनातील वाट्याची भाषा २०१२ च्या दुरुस्तीत अधिक स्पष्ट झाली. श्रोत्याने जे पहिल्या दिवशीच मान्य करून टाकले होते, ते कायद्याच्या नजरेस येण्यास सदतीस वर्षे लागली. आता यात श्रोता भाबडा की कायदा आंधळा, हा प्रश्न वकिलांवर सोडावा. साहित्याच्या आणि संगीताच्या अभ्यासकापुढचा प्रश्न निराळा आहे. गायक दुसऱ्याचे गाणे आपले करतो म्हणजे नेमके काय करतो? आणि ते आपले करताना वाटेत काय सांडते?

आपल्या परंपरेने या प्रश्नाचे एक उत्तर फार पूर्वीच देऊन ठेवले आहे. अभंग दुसऱ्याच्या तोंडी जाणार हे संतांना ठाऊक होते. म्हणून त्यांनी आपले नाव अभंगाच्या आतच, शेवटच्या चरणात विणून टाकले. तुकोबांचा अभंग गाणारा वारकरी शेवटी तुकोबांचे नाव घेतो, जनाईचा गाणारा जनाईचे. साडेतीनशे-सातशे वर्षे गाणारे गळे बदलत आले, चाली बदलल्या, टाळकऱ्यांच्या फडागणिक ठेका बदलला, पण नाममुद्रा निघाली नाही. गंमत अशी की ते नाव घेताना गाणारा ‘हे माझे नव्हे’ असे सुचवीत नाही. उलट त्या नावावर येईपर्यंत तो इतका आत शिरलेला असतो की, तुकोबांची तळमळ त्या घटकेपुरती त्याचीच झालेली असते. नाव दुसऱ्याचे आणि तळमळ आपली, ही जोडणी वारकरी कीर्तनाने इतकी रुळविली की, त्यात काही विसंगती आहे असे कोणाला वाटतच नाही.

ख्यालगायकीतही हीच चाल आहे. अठराव्या शतकात दिल्लीच्या महंमदशहाच्या दरबारातील नियामतखाँ ‘सदारंग’ या मुद्रेने चिजा बांधीत. त्या चिजा आज कोणत्याही घराण्याच्या गवयाच्या तोंडी असतात आणि प्रत्येक जण त्या आपल्याच म्हणून गातो. बडोदेकरांना तर याचे उदाहरण दूर शोधावयास नको. सयाजीराव महाराजांच्या दरबाराचे गायक आफताबे मौसिकी उस्ताद फैयाझखाँ यांनी ‘प्रेमपिया’ या मुद्रेने बंदिशी रचल्या. त्यांचा देह १९५० साली याच शहरात पडला. मुद्रा मात्र हिंडते आहे. खाँसाहेब स्वतः घराण्यात आलेल्या, दुसऱ्यांच्या मुद्रेच्या चिजा गात आणि त्यांच्या चिजा आता दुसरे गातात. त्यांच्यापाशी शिकलेले पंडित श्रीकृष्ण रातंजनकर हे मराठी गृहस्थ. गुरूच्या भरदार, खर्जाकडे झुकणाऱ्या आवाजाची नक्कल करण्याच्या मार्गाला ते गेले नाहीत. त्यांनी गुरूकडून चीज उचलली, आवाज उचलला नाही. पुढे ‘सुजान’ या मुद्रेने स्वतःच्या बंदिशीही बांधल्या. आग्रा घराण्यातली चीज म्हणजे कोरलेली मूर्ती नसून वस्तीला दिलेली वास्तू असते. भिंती कोठे आहेत हे ठरलेले, पण दिवा कोठे लावावयाचा हे राहणाऱ्याने ठरवावयाचे.

मराठी नाट्यसंगीतात मात्र हा हिशेब गुंतागुंतीचा झाला. ‘संगीत स्वयंवर’ १९१६ साली रंगभूमीवर आले. शब्द कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे, चाली भास्करबुवा बखले यांच्या, आणि रुक्मिणी बालगंधर्वांची. भास्करबुवा बडोदे संस्थानातील कठोर गावचे. त्यांच्या शिक्षणाचा पाया बडोद्यात फैजमहंमदखाँ यांच्यापाशी घातला गेला. पण या पदांच्या चाली तरी सर्वस्वी नव्या होत्या काय? ग्रंथालयाच्या कपाटातील कोणतेही जुने संगीत नाटक उघडून पाहावे. पदाच्या डोक्यावर बारीक अक्षरांत ‘चाल’ असा शब्द आणि त्यापुढे कोण्या चिजेचे, ठुमरीचे, लावणीचे किंवा आधीच्या नाटकातील पदाचे आरंभीचे शब्द छापलेले आढळतात. म्हणजे नाटककार दुसऱ्याच्या गाण्याच्या मापाने शब्द कापीत असे. ज्याला मूळ म्हणावे तेच आधी कोणाचे तरी होते. ती बारीक अक्षरांची ओळ ही मराठी नाट्यसंगीताची प्रामाणिक ऋणचिठ्ठी आहे, आणि अलीकडच्या काही आवृत्त्यांत ती गाळली जाते ही खेदाची गोष्ट होय.

अशा मापून कापलेल्या शब्दांत ओढाताण होणारच. खाडिलकरांची पदे क्लिष्ट, समासांनी जड झालेली आहेत ही टीका जुनीच आहे आणि ती खोटी नाही. नुसती वाचावयास घेतली तर काही पदांचा अन्वय लावताना पदवीच्या वर्गातील विद्यार्थी घामाघूम होतो. पण बालगंधर्वांच्या ध्वनिमुद्रिका ऐकताना अन्वयाची आठवणही होत नाही. शब्द कोठे सोडावा, कोणत्या स्वरावर किंचित रेंगाळावे, लयीला कोठे लडिवाळपणे मागे खेचावे, याचा त्यांचा अंदाज असा काही होता की, व्याकरणाने न जुळलेले शब्द स्वराने जुळून येत. येथे गायकाने गाणे आपले केले ते त्यात भर घालून नव्हे. कवीचे अपुरे राहिलेले काम पुरे करून केले.

दीनानाथ मंगेशकरांची वाट अगदी वेगळी. ‘मानापमान’ १९११ चे. त्याच्या चाली गोविंदराव टेंबे यांच्या, आणि बालगंधर्वांच्या भामिनीने गाजलेल्या. पुढे बळवंत संगीत मंडळीने ते नाटक केले तेव्हा धैर्यधराच्या काही पदांना दीनानाथांनी आपल्या स्वतंत्र चाली दिल्या. शब्द तेच, नाटक तेच, पात्रही तेच. पण पद दुसरे झाले. वीज चमकावी तशी तान, अनपेक्षित जागी घेतलेली उडी. ज्यांच्या कानात जुन्या चाली बसल्या होत्या त्यांना हे आक्रमण वाटणे स्वाभाविक होते. परंतु धैर्यधर हा लढवय्या आहे हे लक्षात घेतले तर दीनानाथांनी केले ते पात्राशी अधिक इमान राखणारे होते असेही म्हणता येते. बालगंधर्वांनी शब्द तसाच ठेवून तो मऊ केला. दीनानाथांनी चाल मोडून पात्र उभे केले. दोघांनीही दुसऱ्याचे गाणे आपले केले आणि दोघांच्याही मागे नक्कल करणाऱ्यांची रांग लागली.

या रांगेचा विचार करावयास हवा. बालगंधर्वांनंतर दोन पिढ्यांनी त्यांची पदे गायिली, पण पुष्कळांनी पदाऐवजी बालगंधर्वच गायिले. त्यांचा श्वास, त्यांचा हुंकार, उतारवयात आवाजाला आलेला थकवासुद्धा काहींनी अलंकार म्हणून उचलला. गाणे एका गायकाचे इतके होऊन बसले की, पुढच्याला आत शिरावयास दारच उरले नाही. ही कोंडी कुमार गंधर्वांनी फोडली. लहानपणी मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या हुबेहूब गाऊन दाखविणारा अद्भुत मुलगा म्हणून ज्यांची ख्याती झाली होती, त्यांनी प्रौढपणी बालगंधर्वांच्या पदांचा कार्यक्रम केला आणि त्याला नाव दिले ‘मला उमजलेले बालगंधर्व’. या तीन शब्दांत या विषयावरचा एक प्रबंध सामावला आहे. ‘मला’ म्हणताना हक्क सांगितला आहे आणि ‘उमजलेले’ म्हणताना मर्यादा. नक्कल ज्याला सर्वांत सहज साधली असती त्यानेच ती टाळली, म्हणून त्या टाळण्याला वजन आहे.

आता गीतरामायणाकडे वळावे, कारण तेथे प्रश्न सर्वांत स्वच्छ दिसतो. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, पुणे आकाशवाणीवरून ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांची ही गीतमालिका सुरू झाली आणि वर्षभर, अधिक मासासकट, छप्पन्न गीतांपर्यंत चालली. आज अनेकांना हे ठाऊक नसते की, मूळ प्रक्षेपणात ती एका गळ्याची नव्हती. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, ललिता फडके, राम फाटक, सुरेश हळदणकर, लता मंगेशकर असे कितीतरी स्वर त्यात होते. पात्र बदलले की आवाज बदले. ते एक श्राव्य नाटकच होते. पुढे फडके व्यासपीठावर एकटे पेटी घेऊन बसू लागले आणि सीता, दशरथ, कौसल्या, लक्ष्मण, शूर्पणखा, सारे एकाच कंठातून बोलू लागले. आता गीतरामायण म्हटले की कानात तोच कंठ येतो.

वरवर पाहता यात नुकसान आहे. पुरुषाच्या आवाजातील सीता ही आकाशवाणीवरच्या सीतेइतकी सीता कशी वाटावी? पण बारकाईने ऐकले तर फडके सीता होण्याचा प्रयत्नच करीत नाहीत. आवाज पातळ करीत नाहीत, हुंदका देत नाहीत. शब्दाचा उच्चार स्वच्छ, स्वराघात अर्थाच्या जागी, आणि स्वतः एक पाऊल मागे. ही नटाची रीत नसून कथेकऱ्याची रीत आहे. कीर्तनकार द्रौपदी सांगतो तेव्हा पदर घेत नाही; तरी श्रोत्यांच्या डोळ्यांना पाणी येते. अनेक गायकांची मालिका एकाच्या हाती गेली तेव्हा नाटकाचे आख्यान झाले, आणि माडगूळकरांची शब्दकळा मुळातच आख्यानाच्या घराण्याची असल्यामुळे ती आपल्या घरी परतली असे म्हणावयास हरकत नाही.

शिवाय या गीतमालेच्या आरंभाची योजना पाहावी. पहिल्याच गीतात कुश आणि लव हे दोघे बालक रामाच्या सभेत रामायण गात आहेत. काव्य वाल्मीकींचे, गळे या मुलांचे, आणि ज्याचे चरित्र तो समोर बसून ऐकतो आहे. रचणारा, गाणारा आणि ज्याच्यावर बेतले तो, असे तिघे वेगवेगळे. मग गाणे कोणाचे? वाल्मीकिरामायणाच्या बालकांडात या प्रसंगाची पूर्वपीठिका आहे. ऋषींच्या मेळाव्यात ही मुले गातात आणि संतुष्ट झालेले मुनी त्यांना भेटी देतात. कोणी कलश देतो, कोणी वल्कल. बक्षीस गाणाऱ्यांना मिळाले, रचणाऱ्याला नव्हे! संस्कृतात ‘कुशीलव’ हा शब्द गायक-नट या अर्थीच रूढ आहे हेही येथे आठवावे. पण त्या मुलांना जे ठाऊक नाही ते अधिक महत्त्वाचे आहे: ज्या राजाचे चरित्र ते गात आहेत तो त्यांचा पिता आहे. गाणे दुसऱ्याने रचलेले, दुसऱ्याने पढविलेले. तरी ते त्यांचे स्वतःचेच आहे, आणि हे गाताना त्यांना माहीत नाही. दुसऱ्याचे गाणे आपले होणे याची याहून भेदक कल्पना दुसऱ्या कोणत्या साहित्यात असेल असे वाटत नाही.

भावगीताकडे येताना मात्र सांडण्याचा हिशेब मांडावाच लागतो. भा. रा. तांबे हे मध्य भारतातले, म्हणजे महाराष्ट्राबाहेरचेच मराठी कवी. आपल्या पुष्कळ कवितांवर ते राग आणि ताल लिहून ठेवीत. कवी स्वतःच सांगत होता की हे असे गावे. पुढे संगीतकारांनी आपल्या कानाने चाली बांधल्या, लता मंगेशकरांनी त्या गायिल्या आणि त्या घरोघर गेल्या. शिरावरची ती सूचना पुस्तकातच राहिली. त्यातच तबकडीची अडचण. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू साधारण तीन-साडेतीन मिनिटे वाजे. कविता आठ कडव्यांची असली तरी गाणे तीन-चार कडव्यांचेच होणार. कोणती कडवी ठेवावीत हे ठरविणारा त्या कवितेचा दुसरा कर्ताच ठरला.

याचे सर्वांत बोलके उदाहरण बडोद्यातच जन्मलेल्या कवीचे आहे. माधव ज्यूलियन, म्हणजे माधव त्र्यंबक पटवर्धन, यांचा जन्म १८९४ साली येथे झाला. त्यांची ‘प्रेमस्वरूप आई’ ही कविता वसंत प्रभूंच्या चालीत लता मंगेशकरांनी गायिली, आणि आज ती ऐकताना कवीचे नाव क्वचितच कोणाला आठवते. गाण्यातली व्यथा मृदू आहे: सारे काही मिळाले, आई तेवढी नाही, तिचा चेहराही आठवत नाही. पुस्तकातली कविता याहून लांब आहे आणि बरीच करडी आहे. तेथे कान्ह्याला टाकून यशोदाच निघून गेली आहे. पुढे तर पान्हा वाहत असतानाही तान्ह्याला दूर सारून शांतपणे अग्नीत शिरणाऱ्या सतीची उपमा येते आणि आईच्या निष्ठुरतेचा उघड उच्चार होतो. त्या ओळींत भक्ती आहे आणि तक्रारही आहे. ध्वनिमुद्रिकेत आलेल्या कडव्यांत ही सती नाही. लताबाईंच्या स्वराने जी आई मराठी घराघरांत गेली ती वात्सल्यमूर्ती. माधवरावांची आई तिच्याहून गुंतागुंतीची. त्या गायनाने कवितेला अमरत्व दिले हे खरेच, पण कवितेचा दुखरा भाग त्या अमरत्वातून वगळला गेला.

म्हणून पुस्तक श्रेष्ठ आणि तबकडी कनिष्ठ, असे म्हणण्याचा मोह ग्रंथालयाच्या व्यासपीठावर होणे साहजिक आहे. बडोद्यातील मराठी घरांची आजची स्थिती पाहिली तर मात्र तो मोह आवरावा लागतो. दांडिया बाजार, रावपुरा येथील जुने वाडे सोडून कितीतरी कुटुंबे सुभानपुऱ्यासारख्या पश्चिमेकडील वस्त्यांत गेली. मुले गुजराती किंवा इंग्रजी माध्यमात शिकली. गणपतीत सोसायटीच्या मांडवात ती मराठी गाणी हौसेने म्हणतात. पण हातातल्या कागदावर ते शब्द गुजराती लिपीत उतरवलेले असतात. या मुलांची मराठी पुष्कळ अंशी गाण्यांतून आलेली मराठी आहे.

आणि येथे लिपी हात टेकते. ‘चंद्र’ आणि ‘चांदणे’ यांतील ‘च’ एकाच अक्षराने लिहिला जातो, पण मराठी जीभ तो दोन तऱ्हांनी उच्चारते. ‘माझी’ आणि ‘माझा’ यांत तर अक्षर एकच, ध्वनी दोन. गुजराती लिपी हा भेद दाखवीत नाही, आणि देवनागरीही दाखवीत नाही. पुस्तकातून तो शिकता येत नाही. तो कानानेच घ्यावा लागतो. ज्या घरात आजी उरली नाही, तेथे तो माणिक वर्मांकडून, फडक्यांकडून, लताबाईंकडून घ्यावा लागतो. ‘माझा’ हा शब्द मराठी माणूस जसा उच्चारतो तसा उच्चारावयास सुभानपुऱ्यातील मुलगी गाण्यातूनच शिकते. गायकाने कडवी गाळली, पण उच्चार राखला; पुस्तकाने कडवी राखली, पण उच्चार त्याला राखता आला नाही. महाराष्ट्रात राहणाऱ्याला यातले एक नसले तरी भागते, कारण रस्त्यावर भाषा आहे. येथे दोन्ही लागतात.

मांडवातल्या कार्यक्रमात बहुधा तबकडीची प्रतिमा उभी राहते. लताबाईंनी जेथे श्वास घेतला तेथेच श्वास, फडक्यांनी जेथे थांबावे तेथेच थांबणे. शिकताना हे अटळ आहे आणि त्याला हसू नये. कुमारांनीही तसेच आरंभिले होते. परंतु यंदाच्या गणपतीत एखाद्या मुलीने ग्रंथालयातून माधव ज्यूलियनांचा संग्रह नेला, आजोबांकडून त्या सतीच्या ओळी वाचून घेतल्या आणि गाण्यात जोडावयाचे ठरविले, तर काय होईल? वृत्त तेच, आनंदकंद. तेव्हा चालीत त्या बसतील, त्याची अडचण नाही. अडचण पुढची आहे. तेथे लताबाईंचा स्वर सोबतीला नाही. निष्ठुरतेचा तो शब्द कठोरपणे टाकावा की खाली उतरून हळूच म्हणावा, तान्ह्याच्या उल्लेखाशी थांबावे की न थांबता अग्नीपर्यंत जावे, हे तिला कोणतीही ध्वनिमुद्रिका सांगणार नाही. पेटीवाल्याने सूर धरलेला असेल, मांडव ऐकत असेल, आणि तो एक शब्द कसा म्हणावयाचा हे तिचे तिलाच ठरवावे लागेल.